तारखेने ओळखायच्या मैफली

मागच्या अंकात या सदरात ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन जॅम बँडच्या, म्हणजे रंगमंचावर ऐनवेळी सुचेल तसे गाणे लांबवणाऱ्या बँडच्या, प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रणांविषयी लिहिले होते. तो मजकूर ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे सुरू झालेल्या या बँडने १९९५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे गिटारवादक व गायक जेरी गार्सिया यांचे निधन होईपर्यंत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. त्यांतील बहुतेक कोणी ना कोणी टेप करून ठेवले, आणि त्यामुळे या बँडचे रसिक अल्बमच्या नावांपेक्षा तारखा अधिक लक्षात ठेवतात. त्या लेखावर खान्देशातून बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील काही येथे घेतले आहेत.

प्रश्न : आपला लेख वाचून मी एक मैफल ऐकली. एकच गाणे वीस-वीस मिनिटे चालते, गायक मध्येच शब्द विसरतो आणि दोन गाण्यांच्या मधला वेळ तारा जुळवण्यात जातो. स्टुडिओत नीट बसून केलेले अल्बम उपलब्ध असताना ही कच्ची ध्वनिमुद्रणे का ऐकावीत? मी शास्त्रीय संगीत आवडीने ऐकतो, म्हणून विचारतो.
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : आपण शास्त्रीय संगीत ऐकता, त्यामुळे निम्मे उत्तर आपल्याजवळच आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून आपल्याकडच्या थोर गायकांनी त्या काळी तेवढ्या वेळात राग मांडून दाखवला. त्या तबकड्या मोलाच्या आहेतच, परंतु त्याच गायकाची तासाभराची खासगी मैफल ज्याने एकदा ऐकली तो तबकडीवर समाधान मानत नाही. या बँडच्या बाबतीत हा फरक आकड्यांत सांगता येतो. त्यांचे ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर निघाले तेव्हा ते तीन मिनिटांहूनही लहान होते, आणि पुढच्याच वर्षी मैफलींच्या मुद्रणांतून तयार केलेल्या ‘लाइव्ह/डेड’ या अल्बममध्ये तेच गाणे तेवीस मिनिटांचे झाले. शब्दांत भर पडली नव्हती. दोन कडव्यांच्या आगेमागे जी मोकळी जागा होती, तिच्यात सगळे वादक मिळून त्या रात्री सुचेल ते रचत गेले. हा विस्तार बराचसा एका आधारस्वराभोवती फिरतो आणि त्याचे स्वर पाश्चात्त्य परिभाषेत मिक्सोलिडियन म्हणवले जातात, म्हणजे कोमल निषाद घेणारे आपल्या खमाज थाटाचे स्वर. त्यात राग मात्र शोधू नये. रागाचे चलन तेथे नाही, न्यासाचे नियम नाहीत, आणि मनात आले तर ही मंडळी त्या सप्तकाबाहेरही खुशाल जातात.

उरलेले निम्मे उत्तर आपल्या सवयीच्या विरुद्ध जाणारे आहे. ख्यालाच्या मैफलीत मुख्य कलाकार एक असतो आणि बाकीचे त्याला साथ देतात, म्हणून आपले कान आपोआप त्या एकाकडे लागतात. येथे साथीला बसलेला असा कोणी नाही. फिल लेश हे आधी ट्रम्पेट वाजवत आणि आधुनिक पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकलेले होते. त्यांचा बेस गिटार खाली खुंटा ठोकून उभा राहत नाही, गार्सियांच्या गिटारशी तो सतत दुसरी चाल बोलत असतो. बॉब वेअर यांनी आपली गिटार जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या गटातील पियानोवादक मॅकॉय टायनर यांच्या वादनावरून घडवली, त्यामुळे ते सरळ ठेका न धरता मधूनमधून अर्धवट, वेगळ्या बैठकीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, टाकतात. गार्सिया हे मुळात बँजो वाजवणारे. त्यांचा प्रत्येक स्वर सुटा आणि ठसठशीत येतो. पहिल्या वेळी हे सारे एकत्र कानावर पडले की गोंगाट वाटतो. आपण एकच मैफल घ्यावी, हेडफोन लावावा आणि एक संपूर्ण गाणे केवळ बेसच्या मागे जाऊन ऐकावे. दुसऱ्या दिवशी त्याच गाण्यात वेअर यांच्या मागे जावे. तिसऱ्या वेळेला ती वीस मिनिटे लांब वाटणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

शब्द विसरण्याविषयी आपण लिहिले आहे ते खरे आहे, आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. गार्सिया कडवी विसरत, तिघाचौघांचे एकत्र गाणे पुष्कळदा बेसूर होई, आणि काही रात्री तर सगळी मैफलच निर्जीव निघे. या चुकांनाही काही गूढ अर्थ देणारे चाहते आहेत, त्यांच्यात मी नाही. पण ज्या बँडने दररोज तोच कार्यक्रम त्याच क्रमाने घोकून वाजवला असता, त्याच्या दोन हजारांवर मैफली टेप करण्याच्या भानगडीत कोणी पडले नसते. पडेल रात्री आहेत म्हणूनच तर तारीख पाहून निवडावे लागते.

प्रश्न : माझा लग्नसमारंभांना साउंड सिस्टीम पुरवण्याचा व्यवसाय आहे. एकाच तारखेची तीन-चार ध्वनिमुद्रणे मिळतात आणि त्यांवर साउंडबोर्ड, ऑडियन्स, मॅट्रिक्स असे लिहिलेले असते. मिक्सरवरून घेतलेला आवाज स्वच्छ असणार हे मला कळते. मग गर्दीत उभे राहून घेतलेल्या ध्वनिमुद्रणाला लोक इतका भाव का देतात?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपल्या धंद्यातलाच अनुभव आठवून पाहा. छोट्या मंगल कार्यालयात गिटारवाल्याचा स्वतःचा अॅम्प्लिफायर इतका मोठा वाजतो की मिक्सरवर त्याला फारसे उचलावे लागत नाही, आणि त्या वेळी मिक्सरमधून थेट रेकॉर्डिंग घेतले तर गायकाचा आवाज अंगावर येतो व गिटार कोठेतरी लांब राहते. साउंडबोर्डच्या ध्वनिमुद्रणाचे नेमके हेच होते. मिक्सरवरचा माणूस समोरच्या सभागृहासाठी आवाज जुळवत असतो, टेपसाठी नव्हे. जागा जितकी लहान, तितके त्याच्या टेपमधले प्रमाण बिघडते. उलट चांगल्या जागी, पुरेशा उंचीवर लावलेल्या दोन माइकांच्या ध्वनिमुद्रणात वाद्यांचा परस्पर तोल श्रोत्यांनी ऐकला तसाच येतो, बेस छातीवर जाणवतो आणि सभागृहाचा घुमारा मिळतो. त्याबरोबर शिट्ट्या, टाळ्या आणि शेजाऱ्याची बडबडही येते, ती सोसावी लागते. मॅट्रिक्स म्हणजे या दोन्हींची वेळ जुळवून केलेले मिश्रण. कोणी काळजीपूर्वक केले असेल तर माझ्या मते ते सर्वांत सुखाचे. वेळ किंचित जरी चुकली तर प्रत्येक ड्रम दोनदा ऐकू येतो.

याला एक मोठा अपवाद आहे. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात रंगमंचावरून टेपसाठीच स्वतंत्र मिश्रण करून घेतलेली ध्वनिमुद्रणे रसिकांत ‘बेटी बोर्ड्स’ या नावाने ओळखली जातात, आणि त्यांतला तोल स्टुडिओच्या तोडीचा आहे. त्या टेप ज्या भाड्याच्या गोदामात ठेवल्या होत्या तेथील सामान १९८६ मध्ये लिलावात विकले गेले, वेगवेगळ्या लोकांच्या हाती पडलेल्या त्या टेपांतल्या काही खराब झाल्या, आणि उरलेल्यांच्या प्रती पुढे रसिकांत पसरल्या.

आपल्याला १९७४ च्या मैफली विशेष रंजक वाटतील. बँडचे ध्वनितंत्रज्ञ ऑउस्ली स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची यंत्रणा उभी केली. सहाशेच्या आसपास स्पीकर वादकांच्या पाठीमागे भिंतीसारखे रचलेले असत आणि प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर मिळत, त्यामुळे श्रोते जे ऐकत तेच वादकही ऐकत आणि वेगळ्या मॉनिटरची, म्हणजे वादकांना त्यांचेच वादन ऐकवणाऱ्या स्पीकरची, गरज नसे. माइकच्या मागे स्पीकर म्हणजे फीडबॅकची शिट्टी ठरलेली, हे आपल्याला सांगायला नको. त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा की प्रत्येक गायकासमोर दोन माइक एकावर एक, परस्परविरुद्ध फेजमध्ये जोडून ठेवायचे आणि गायकाने एकातच गायचे. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरतो आणि वजा होतो, गाणे मात्र उरते. त्या वर्षीच्या टेपांमध्ये वाद्ये काचेसारखी स्वच्छ आणि गायन थोडे पातळ, नाकातले वाटते, त्याचे कारण हे माइक आहेत. ही यंत्रणा वाहून नेण्याचा खर्च असा वाढला की त्या ऑक्टोबरनंतर बँडने दौरे थांबवले, ते १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाले.

शेवटची एक सूचना. जुन्या टेप कॅसेटवरून कॅसेटवर उतरत आलेल्या आहेत. प्रत्येक प्रतीबरोबर खरखर वाढते, आणि दोन डेकांच्या वेगात फरक असला की सगळी मैफल चढ्या किंवा उतरत्या सुरात वाजते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, म्हणून ऐन रंगात आलेले गाणे मध्येच तुटलेले आढळेल. ते बँडने तोडलेले नसते. सोबतच्या माहितीत मूळ टेप कोणती आणि ती किती हातांतून आली हे बहुधा लिहिलेले असते, ते आधी वाचावे.

प्रश्न : इतक्या मैफलींपैकी सुरुवात कोणत्या तारखेपासून करावी?
— एक प्राध्यापिका, अमळनेर

उत्तर : बहुतेक जाणकार ८ मे १९७७ सांगतील. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेली ही मैफल वर उल्लेख केलेल्या बेटी कँटर-जॅक्सन यांनी मुद्रित केली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिला आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०११ च्या यादीत स्थान दिले आणि बँडकडून ती अधिकृतपणे २०१७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, प्रसिद्ध झाली. दुसऱ्या सत्रातील ‘स्कार्लेट बिगोनियाज’ हे गाणे न थांबता ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये ज्या रीतीने वितळते, ते ऐकले की जोडगाण्यांचे इतके कौतुक का होते ते समजते. टेपवाले अशा न थांबता जोडलेल्या गाण्यांच्या मध्ये बाणाची खूण करतात. ती खूण दिसली की तेथे कान टवकारावेत, कारण पहिले गाणे संपले आहे आणि दुसरे अजून सुरू व्हायचे आहे, अशा त्या मधल्या दोन-चार मिनिटांतच पुष्कळदा सर्वांत चांगले वादन असते.

माझी स्वतःची निवड मात्र २७ ऑगस्ट १९७२ ही आहे. ओरेगन राज्यात व्हेनेटा येथे, जवळच्या एका दुग्धालयाला मदत म्हणून, भर उन्हात मोकळ्या मैदानावर ही मैफल झाली. पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेला होता, म्हणजे आपले अडतीस सेल्सिअस. मे महिन्यात जळगावचा माणूस अशा दिवसाला थंड म्हणेल, पण त्या गिटारींना ते ऊन मानवले नाही आणि तारा वारंवार उतरत राहिल्या. कॉर्नेलची मैफल घोटीव आहे. येथे सगळे कोणत्याही क्षणी विस्कटेल अशी धास्ती वाटते, आणि अर्ध्या तासाच्या ‘डार्क स्टार’मध्ये चौघे-पाचजण ते विस्कटू न देता जेथपर्यंत जातात, तेथे कॉर्नेलच्या रात्री कोणी गेले नाही.

१९७२ च्या वसंतातल्या युरोप दौऱ्याचाही पर्याय आहे. त्यावरचा ‘युरोप ७२’ हा तीन तबकड्यांचा अल्बम त्याच वर्षी निघाला, परंतु त्यातील गायन परत येऊन स्टुडिओत पुन्हा भरलेले आहे. दौऱ्यातील सर्व बावीस मैफली २०११ मध्ये संपूर्ण स्वरूपात निघाल्या. त्यांतील कोणतीही एक घ्यावी. निवडक गाण्यांचे संकलन सुरुवातीला शक्यतो टाळावे. या बँडच्या मैफलींत साधारणपणे दोन सत्रे असतात, पहिल्यात सुटी, लहान गाणी आणि दुसऱ्यात लांबलेली, एकमेकांत गुंतलेली; पहिले सत्र ऐकल्याशिवाय त्या रात्री त्यांचे हात कसे चालत होते ते कळत नाही.

प्रश्न : मी तबला शिकतो. या बँडमध्ये दोन ड्रमवादक कशासाठी, आणि त्यांचा आपल्या तालांशी काही संबंध आहे का?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : संबंध आहे आणि तो कल्पनेतला नाही. बिल क्रॉइट्झमन हे पहिल्यापासूनचे ड्रमवादक. मिकी हार्ट १९६७ मध्ये आले. हार्ट यांच्यावर उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याचा मोठा प्रभाव होता आणि पुढे उस्ताद झाकीर हुसेन यांच्याशी त्यांची दीर्घ सोबत झाली. हे दोघे असलेल्या ‘डिगा ऱ्हिदम बँड’ या गटाचा १९७६ चा ‘डिगा’ हा अल्बम आपण अवश्य ऐकावा. हार्ट यांच्या १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बमला पुढील वर्षी ग्रॅमी मिळाले, आणि जागतिक संगीताच्या अल्बमसाठीचे ते पहिलेच होते.

बँडच्या गाण्यांत ‘द इलेव्हन’ हे अकरा मात्रांचे आहे आणि ते तीन-तीन-तीन-दोन असे मोजले की हाताला सापडते. ‘प्लेइंग इन द बँड’चा मूळ तुकडा दहा मात्रांचा आणि ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ सात मात्रांचे. सातांचे म्हटल्यावर रूपक ताल धरून बसू नये, कारण रूपकाची पहिली मात्रा खाली, म्हणजे टाळीविना, असते आणि येथे पहिलीवर भक्कम आघात आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दुसऱ्या सत्रात दोघा ड्रमवादकांना स्वतंत्र वेळ मिळू लागला. तो भाग मला नेहमीच रंगलेला वाटत नाही, आणि तिहाईची वाट पाहणाऱ्या कानाला तर तो निराश करील. हार्ट १९७१ च्या फेब्रुवारीत बाहेर पडल्यानंतर क्रॉइट्झमन यांनी एकट्याने सांभाळलेली सुमारे साडेतीन वर्षे अधिक चपळ आहेत. एकटा वादक दिशा झटक्यात बदलू शकतो, दोघांना आधी एकमेकांकडे पाहावे लागते. तबल्याच्या विद्यार्थ्याने १९७२ ते ७४ मधल्या मैफलींपासून सुरुवात करावी.

प्रश्न : श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे वाटणे ही चोरी नव्हे का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : बँडनेच परवानगी दिलेली असल्यामुळे नव्हे. गार्सिया स्वतः तरुणपणी ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या मैफली टेप करत हिंडले होते. सुरुवातीला श्रोते यंत्रे लपवून आणत, मग त्यांच्याकडे काणाडोळा होऊ लागला, आणि उंच माइकांच्या जंगलामुळे मागच्यांना रंगमंच दिसेनासा झाल्यावर १९८४ च्या ऑक्टोबरपासून मिक्सरच्या मागे टेपवाल्यांसाठी स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकिटे ठेवली गेली. अट एकच होती आणि आजही आहे : प्रत वाटावी, विकू नये. नवख्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, जुन्याने भरून पाठवायच्या, अशी ही देवघेव चाले. आता इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर यांतील हजारो मैफली ऐकता येतात; श्रोत्यांची ध्वनिमुद्रणे उतरवून घेता येतात, साउंडबोर्डची बहुतांश तेथेच ऐकावी लागतात. बँडच्या भांडारातून अधिकृतपणे निघालेल्या मालिका मात्र विकतच घ्याव्यात. बँडचे टेपभांडार सांभाळणारे डिक लटवाला यांच्या निवडीने १९९३ मध्ये सुरू झालेली ‘डिक्स पिक्स’ ही मालिका छत्तीस भागांपर्यंत गेली.

प्रश्न : हा बँड संपला. मग आज हयात असलेला असा दुसरा कोणता?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : ‘फिश’. १९८३ मध्ये व्हरमाँट विद्यापीठात सुरू झाला, टेप करू देतो, आणि स्वतःही मैफलींची ध्वनिमुद्रणे विकतो. ३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्री फ्लोरिडातील बिग सायप्रस येथे सुरू केलेले त्यांचे सत्र सूर्योदयापर्यंत चालले, आणि २०१७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ओळीने केलेल्या तेरा मैफलींत त्यांनी एकही गाणे दुसऱ्यांदा वाजवले नाही. हात अधिक सफाईदार, विनोद अधिक. मला काळजाला भिडतात ते कमी वेळा.

प्रश्न : आमच्या भागात श्रावणात कानबाई या देवीची गाणी होतात, वहीगायन हे मंडळांचे लोकगायन होते. गाणारे तेच, पण प्रत्येक वर्षी काहीतरी निराळे येते. मोबाइलवर घेतलेले तुकडे इकडेतिकडे फिरतात आणि पुढच्या वर्षी ते कोणत्या गावचे हे कोणालाच सांगता येत नाही. या टेपवाल्यांकडून आम्हाला काही घेता येईल का?
— एक शिक्षक, शहादा

उत्तर : यंत्रांपेक्षा त्यांची नोंद ठेवण्याची सवय घेण्यासारखी आहे. पहिली गोष्ट परवानगीची. वहीगायनाच्या मंडळाला आधी विचारावे, आणि कानबाईची गाणी घरातल्या बाया आपसात गातात, तेथे तर घरधन्याने हो म्हटले एवढ्यावर न थांबता गाणाऱ्या बायांनाच विचारावे. त्या नको म्हणाल्या तर फोन खिशात ठेवून रोटाचा प्रसाद घ्यावा.

होकार मिळाल्यास तुकडे घेऊ नयेत. आरंभापासून शेवटपर्यंत, मधले हसणे, चहा, कडवे आठवण्यासाठीची कुजबुज यांसकट सलग मुद्रण करावे. फोन एअरप्लेन मोडवर टाकून, गाणाऱ्यांपासून सात-आठ फुटांवर, जमिनीवर न ठेवता डोक्याच्या उंचीवर बांधावा. कर्ण्याच्या तोंडाशी तर कधीच ठेवू नये, कारण तेथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कोणालाही शिवता येत नाही. फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, ती सोय बंद करता आली तर करावी. मूळ फाईल वेव्ह किंवा फ्लॅक अशा, आवाज न घटवणाऱ्या स्वरूपात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपावी. व्हॉट्सअॅपवरून जाते ती केवळ ऐकण्यापुरती आकसलेली प्रत असते, तिला मूळ समजू नये. आणि पहिले गाणे सुरू होण्यापूर्वी तारीख, गाव, कोणाचे घर किंवा कोणते मंडळ आणि गाणाऱ्यांची नावे, त्यांची त्याला संमती असेल तर, माइकजवळ स्पष्ट बोलून ठेवावीत. पुढे कोणी फाईलचे नाव बदलले तरी ही माहिती आवाजाबरोबरच राहते.